पोरगं शाळेत मागं पडतं ते नक्की कशामुळं? (गृहभेटींआधी तुमचे अनुभव हवेत)

रानमास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. यंदा नववीचा वर्गशिक्षक आहे. पहिल्या सत्राचा निकाल लागलाय आणि मागं पडलेल्या पोरांच्या घरी जाऊन यायचं असं शाळेत ठरलंय. त्यासाठी छापील फॉर्म हातात आलाय. वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, वार्षिक उत्पन्न, घर पक्कं की कच्चं, स्मार्टफोन आहे का. खाली शेऱ्यासाठी एक ओळ.

हा फॉर्म भरून मला काय कळणार? माझ्या वर्गात पहिल्या पाचात एक पोरगी आहे, तिचे आईवडील दोघंही दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जातात. तळाला एक बागायतदाराचा पोरगा आहे, दारात दोन ट्रॅक्टर. आमच्या शिक्षकखोलीत दोघांसाठीही उत्तर ठरलेलं असतं. मागं पडला तर "घरी वातावरण नाही", पुढं गेली तर "पोरगी मुळातच हुशार". म्हणजे दोन्हीकडं आपण मोकळे.

माझं मत असं की पैसा आणि आईबापाची डिग्री यापेक्षा संध्याकाळी सहा ते नऊ त्या पोराचं काय होतं, यावर जास्त ठरतं. पटत नसेल तर खोडून काढा. पण मुख्य प्रश्न हा: तुमच्या शाळेच्या दिवसांत घरातल्या कुठल्या गोष्टीनं तुम्हाला तारलं किंवा बुडवलं? भेटीला गेल्यावर मी काय विचारू, काय बघू? शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण नको, ते पंधरा ऑगस्टला दरवर्षी ऐकतो.

येडा_राघू

पहिला!
मला घरासमोरच्या क्रिकेटच्या पिचनं बुडवलं. फॉर्ममध्ये 'घरासमोर मोकळी जागा आहे का' हा रकाना टाका.

दारंधरी

मास्तर, सहा ते नऊ म्हणताय ते बरोबर, पण आमच्याकडं सहा ते नऊ म्हणजे वैरण, धारा आणि डेअरीला दूध घालणं. डेअरीवर किटली घेऊन रांगेत उभं राहायचं काम घरातल्या शाळकरी पोराचंच असतं, कारण बाकी सगळे रानात.

आणि नऊनंतरचं कोण विचारणार? शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की बॅटरी घेऊन वडिलांबरोबर उसात दारं धरायला जायचं. एका सरीचं पाणी भरलं की दुसरी फोडायची, पहाटेपर्यंत. सकाळी पहिल्या तासाला गणित. आमचे सर विचारायचे, "रात्रभर डुकरं राखत होतास काय रे?" मक्याच्या दिवसांत खरंच डुकरं राखत असायचो, पण वर्गात सगळे हसायचे म्हणून कधी बोललो नाही.

तुम्ही जाल त्या घरात लाईट कुठल्या पाळीची आहे तेवढं विचारा. पोरगं सगळे दिवस डुलकी घेतंय की एक आठवडा सोडून एक, हे हजेरीवहीपेक्षा महावितरणच्या वेळापत्रकात लवकर कळेल.

बेदाणा

दारंधरी यांनी पोरांचं सांगितलं, आता पोरींचं ऐका.

आमचं तासगावकडचं गाव. स्वतःची बाग नाही, आई टोळीबरोबर दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत. ऑक्टोबरची छाटणी झाली की काम सुरू. मग डिपिंग, विरळणी, जानेवारीपासून माल उतरायला आणि उन्हं तापली की बेदाण्याच्या शेडवर. रोजगार सगळ्यात जास्त मिळतो ते दिवस आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी. आई घरात नाही म्हणजे भाकरी, भांडी, पाणी, धाकटा भाऊ हे सगळं माझ्याकडं. भावाला मात्र "तू बस अभ्यासाला". आई काही वाईट नव्हती. तिला रोजगार सोडणं परवडत नव्हतं आणि भाकरी पोरानं करायची असते हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

मला तारलं ते चुलत्यांच्या घरानं. काकू संध्याकाळी माझ्या वाटणीचं पीठ पण मळून ठेवायची. तिनं कधी "अभ्यास कर" असं म्हटलं नाही. माझा तास-दीड तास वाचायचा, बास.

तेव्हा सर, ज्या घरात भाऊ-बहीण दोघंही तुमच्या शाळेत आहेत तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते दोघांनाही वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळणार नाहीत.

सडेतोड

सगळं घरावर ढकलायचा हा नवा मार्ग छान आहे. फॉर्म पोराच्या घरचा भरायचा, शाळेचा कोण भरणार? आमच्या वेळी आठवीला इंग्रजीला शिक्षकच नव्हते, दिवाळीनंतर मिळाले, तेही निवडणुकीच्या कामाला गेले. आता तर निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो असं शिक्षकच सांगतात. आधी शाळेत शिकवलं जातंय का ते बघा, मग लोकांच्या चुलीपर्यंत जा.

रानमास्तर

@सडेतोड, ऑनलाइन माहितीबद्दल भांडणार नाही, आत्ताही एक लिंक भरून आलोय. पण एकच शिक्षक, एकच फळा, एकच तास असताना वर्गात एवढं अंतर का पडतं, हा प्रश्न शाळा सुधारली तरी उरतोच.

@दारंधरी, लाईटच्या पाळीचं डोक्यातच आलं नव्हतं. लिहून घेतलं.

चिंचोका

सडेतोड आणि रानमास्तर यांचा वाद जुना आहे, जगभर झालेला आहे. शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो, कंटाळा आला तर पुढं जा.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली झालेला मोठा सरकारी अहवाल आला. लाखो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांमधल्या सोयीसुविधांतल्या फरकामुळं निकालात फरक पडतो, असं निघेल अशी अपेक्षा होती. निघालं उलटं. इमारत, प्रयोगशाळा, दरडोई खर्च यांच्यापेक्षा घरची पार्श्वभूमी गुणांशी जास्त जुळत होती. वर्गात बरोबर कोण बसतं, यालाही बरंच महत्त्व निघालं. तेव्हापासून "घर हेच सगळं" म्हणणाऱ्यांना हत्यार मिळालं.

पण १९८३ साली हेनमन आणि लॉक्सली या दोघांनी २९ देशांची माहिती एकत्र करून बघितली. त्यांना दिसलं की देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. कारण सरळ आहे. ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथल्या पोराला मिळणार ते शाळेतूनच. नंतरच्या अभ्यासकांनी यावरही शंका घेतल्या आहेत, पण सांगायचा मुद्दा हा की "घर की शाळा" याचं उत्तर सगळीकडं सारखं येत नाही. कोरेगावात शिक्षकाचं वजन बोस्टनपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. रानमास्तर, घाबरू नका.

येडा_राघू

म्हणजे पगार पण बोस्टनपेक्षा जास्त पाहिजे की.

गलाईवाला

खानापूर तालुका. आमच्याकडं सोन्याचांदीच्या गलाईचा, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. विट्यापासून आटपाडीपर्यंत कुठल्याही गावात विचारा, घरटी एक जण कोइमतूर, कोलकाता, नाहीतर अजून लांब कुठंतरी. माझे वडील दक्षिणेत, मी गावात आजीआजोबांपाशी. पैशाला काही कमी नव्हतं. दुमजली घर, सायकल, शिकवणी, सगळं. धागाकर्त्यांच्या फॉर्मवर आमचं घर शंभर टक्के पास झालं असतं.

तरी आमच्या वर्गातली निम्मी पोरं दहावीला जेमतेम. कारण पुढं काय करायचं ते ठरलेलं होतं. दहावी झाली की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात. बीजगणित येवो न येवो, टंच (सोन्याचा कस) काढता आला म्हणजे झालं. शाळा म्हणजे मिसरूड फुटेपर्यंत थांबायची जागा, एसटी स्टँडसारखी. आजोबा स्वतः म्हणायचे, "कशाला डोकं पिकवतोस, दुकान हाय की."

मी शिकलो ते हट्टानं वगैरे नाही. वडिलांचं भागीदारीत फाटलं आणि दुकान गेलं. आठवीत होतो. अचानक पुढचं काहीच ठरलेलं राहिलं नाही, मग पुस्तक उघडलं. तुमच्या ट्रॅक्टरवाल्या पोराला एकदा विचारून बघा, दहावीनंतर काय करणार. फट्कन उत्तर आलं तर तिथंच गाठ आहे.

विश्रामबाग_सांगली

गलाईवाला, तुमचा प्रतिसाद वाचून आमचंच घर आठवलं, फक्त दुकानाच्या जागी दवाखाना. नवरा डॉक्टर, सासरे डॉक्टर, मी फार्मसीतली. घरात पुस्तकं, वेगळी खोली, टेबल-लॅम्प, क्लास, क्लासच्या आधीचा क्लास. मुलगा आठवीपर्यंत पहिल्या तिनात आणि नववीपासून घसरगुंडी. शाळेतून सांगण्यात आलं, "पालकांनी लक्ष घालावं". अजून किती घालायचं? सकाळी सहाला फिजिक्स, संध्याकाळी पुन्हा बॅच, रात्री जेवताना आजोबांची तोंडी परीक्षा. 'वातावरण' इतकं दाट झालं होतं की पोराला श्वास घ्यायला जागा नव्हती.

त्याला तबला आवडतो. मिरजेत तंतुवाद्यांची एवढी मोठी परंपरा, अब्दुल करीम खाँसाहेबांची स्मृती जपणारं गाव शेजारी, आणि आम्ही त्याला सांगत होतो की बारावीनंतर वाजव. गेल्या वर्षी एक बॅच बंद केली आणि तबला चालू केला. मार्क फार वाढले नाहीत, खरं सांगते. पण तो जेवायला खोलीबाहेर येतो.

सडेतोड

मॅडम, राग मानू नका. इथं पोरं रात्री दारं धरतायत आणि तुमच्याकडं तबला की फिजिक्स हा प्रश्न आहे. एकाच धाग्यात दोन्ही 'घरची अडचण' म्हणून कशी बसवायची?

विश्रामबाग_सांगली

राग नाही. पण बसवायची, कारण सरांच्या फॉर्मवर दोन्ही पोरांपुढं 'अप्रगत' असंच लिहिलं जातं.

अजिंक्यतारा

साताऱ्यात बसून हा विषय निघतोय आणि अजून कुणी अण्णांचं नाव काढलं नाही?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आणली आणि बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एकत्र रांधणार, एका पंगतीत जेवणार. १९२७ साली गांधीजी येऊन बघून गेले. पोरांना उपास घडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, ही गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोराला पण माहीत असते. मला त्यात वेगळंच दिसतं. अण्णांनी पोराच्या घराचा फॉर्म भरला नाही. घरी अभ्यासाला जागा नाही, पोटाला नाही, जातीमुळं आसपास कुणी उभं करत नाही, हे त्यांना दिसतच होतं. त्यांनी दुसरं घर उभं केलं, आणि पोरांनी राबून शिकायचं असा नेम घातला.

दुसरी गोष्ट याच गावातली. नोव्हेंबर १९०० मध्ये भीमराव आंबेडकर इथल्या सरकारी शाळेत दाखल झाले, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर म्हणून विद्यार्थी दिवस. आता बघा, त्यांच्या घरी 'वातावरण' नव्हतं काय? वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत शिकवलेले, पोरांच्या अभ्यासावर बारीक लक्ष ठेवणारे. पुढं मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सगळं घर, तर पोराला लवकर झोपवून पहाटे दोनला अभ्यासाला उठवायचे. घर पूर्ण ताकदीनं पाठीशी होतं. बाजूला बसवत होती ती शाळा. तेव्हा "मागं पडतो तो घरामुळं" असं म्हणण्याआधी आपल्या वर्गात कोण कुठं बसतं, कुणाला कधी उठवून प्रश्न विचारतो, हेही एकदा बघावं.

चिंचोका

अजिंक्यतारा, दंडवत. शेवटच्या वाक्यासाठी खास.

येडा_राघू

मी शेवटच्या बाकावर बसायचो. स्वेच्छेनं. तिथनं पिच दिसायचं.

कडेगावकर

सहा ते नऊवरून सांगतो. आमच्या तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव माहीत असेल. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावात टीव्ही-मोबाईल बंद. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली आणि नंतर मोबाईल हातातून सुटेना, म्हणून गावानं ठरवलं. सुरुवातीला लोक हसले, मग महिलांनी उचलून धरलं. आता परदेशातले पत्रकार पण येऊन गेले.

त्यातली खरी मेख अशी की मोबाईल पोराचाच नाही, बापाचाही बंद. बाप रील बघतोय आणि पोराला म्हणतोय वाच, हे कुठल्या घरात चालत नाही. आणि एका घरानं बंद केला तर पोरगं शेजारी जाऊन बसतं. सगळ्या गावानं बंद केला की जाणार कुठं?

दारंधरी

कडेगावकर, चांगलंच आहे. पण सातला आमच्या घरात टीव्हीपुढं बसायला माणूसच नसायचा, भोंगा वाजून काय बंद करणार? म्हैस?

कडेगावकर

म्हशीला भोंग्याची सवय लागली तर धार लवकर होईल, बघा विचार करून.

नर्मदाआत्या

तुमची सगळ्यांची गंमत वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता घरी आहे. ज्या पोरांचं घरच कोपीत (झोपडीत) असतं त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमची शाळा कारखान्याच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या यायच्या, उसाच्या फडाशेजारी कोप्या पडायच्या. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, पहाटे कोयता घेऊन दोघंही फडात. चौथी-पाचवीतली पोरगी कोपीवर तान्हं भावंड सांभाळत बसायची. काही ठिकाणी ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी साखरशाळा चालायच्या. पोरं मागं गावातच राहावीत म्हणून तिकडं हंगामी वसतिगृहं निघाली. पण लहान पोरं कुठली आईला सोडतात.

मी फडावर जाऊन पोरं शाळेत आणायची. एक मुलगा होता, तोंडी हिशेब असा करायचा की मी वहीत मांडेपर्यंत याचं उत्तर तयार. किती मोळ्या, किती टन, किती रुपये, उचलीतले किती फिटले. वाचायला मात्र 'कमल नमन कर' पाशी अडकलेला. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गेली. तिकडच्या शाळेत त्याची नोंद 'सतत गैरहजर', आमच्याकडं 'तात्पुरता'. त्याची परीक्षा कुठल्याच शाळेनं पूर्ण घेतली नाही. आता त्याला हुशार म्हणायचं की मागासलेला, हे तुमच्या त्या अमेरिकन साहेबांना विचारा बाळांनो.

मास्तर, तुम्हाला एक सांगते. घरी जाल तेव्हा बापापुढं पोराच्या मार्कांची गोष्ट काढू नका. चहा घ्या, म्हशीची चौकशी करा, पोराचं एखादं खरं कौतुक करा आणि उठा. मार्कांचं शाळेत बोलता येतं.

बेदाणा

आत्या, तुमचं शेवटचं दहा वेळा खरं आहे. आमच्या शेजारच्या पोराच्या घरी सर येऊन गेले, फार काळजीनं बोलून गेले. सर कोपऱ्यावर वळायच्या आत बापानं चाबूक काढला. त्यानंतर त्या पोरानं शाळेकडं तोंड केलं नाही.

माथाडी_पाटण

उशिरा आलो. आमच्या पाटण-जावळी भागात बाप मुंबईला माथाडी, मार्केटला. बाप वर्षातनं यात्रेला आणि गणपतीला दिसणार. अशा घरी कुणाला भेटणार, सर? आई सही करायला घाबरते, चुलता म्हणतो मला काय माहीत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही कोण करायचं सांगू? दुकानदार काका. त्यांना शाळा कळत नव्हती पण दर महिन्याला "आण बघू" म्हणायचे. बाप फोनवर मार्क विचारतो का, कधी विचारतो, एवढंच बघा. आमचा रविवारी विचारायचा, म्हणून शनिवारी तरी वही उघडायचो.

आणि आठवीच्या पोरांना एनएमएमएसला (केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला) बसवा हो सगळे मास्तर. वर्षाला १२ हजार, नववी ते बारावी. उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची, आमच्यासारखी बहुतेक घरं त्यात बसतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आई तलाठ्याकडं एकटी जात नाही, तिथंच गाडी अडते. शाळेनं एक दिवस दाखल्यांचा कॅम्प घेतला तर गृहभेटीपेक्षा जास्त उपयोग होईल.

सडेतोड

माथाडी_पाटण यांना शंभर टक्के अनुमोदन. शाळा हे करू शकते, आणि करायलाच पाहिजे. मी तेच म्हणत होतो, जरा वाकड्यात म्हटलं.

रानमास्तर

सगळ्यांचे आभार. फॉर्म वर पाठवायला तो भरावाच लागेल, पण मागची बाजू कोरी आहे आणि ती माझी. त्यावर लाईटची पाळी, डेअरीला कोण जातं, भाकरी कोण करतं, दहावीनंतर काय ठरलंय आणि घरात मार्क विचारणारा माणूस कोण, एवढंच लिहिणार. आत्यांनी सांगितल्याप्रमाणे बापापुढं मार्क नाहीत.

माझं सहा-ते-नऊचं मत मी सोडत नाहीये. फक्त ते तास पोराच्या हातात असतात असं मी धरून चाललो होतो, आणि इथं बहुतेकांनी सांगितलं की ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतात. कुठं महावितरण, कुठं बेदाण्याची शेड, कुठं आजोबा.

चिंचोकांच्या 'बरोबर कोण बसतं' यावरून काल हजेरीवही काढून बसलो. बसण्याचं राहिलं बाजूला, वेगळंच सापडलं. तळाच्या पोरांतल्या बऱ्याच जणांची गैरहजेरी गुरुवारी. गुरुवारी गावचा बाजार, आईबाप भाजी घेऊन बसतात, पोरं पाटीला. आणि आमची घटक चाचणी वर्षानुवर्षं गुरुवारीच. का, ते शाळेत कुणालाच सांगता आलं नाही. पुढची चाचणी शनिवारी सकाळी घ्यायला मुख्याध्यापक तयार झालेत.

येडा_राघू

शनिवारी मॅच असते हो सर.